मारत नाही ना, मग छळ कशाला म्हणायचं?

नंदनवनला राहणाऱ्या एका ताईंनी धाकट्या बहिणीबद्दल विचारलं आहे. प्रश्न थोडक्यात असा. बहिणीच्या लग्नाला चार वर्षं झाली, अडीच वर्षांची मुलगी आहे, सासर हुडकेश्वरकडे. जावई बुटीबोरीला कारखान्यात नोकरीला, निर्व्यसनी, चारचौघांत बोलायला गोड. बहीण आधी शाळेत शिकवायची, ती नोकरी बाळंतपणाआधीच सुटली. आता फोन केला की स्पीकरवर असतो. राखीला आली ती वीस मिनिटांसाठी, आणि तेवढा वेळ जावई खाली गाडीवर बसून होते. महालक्ष्म्यांच्या जेवणाला तर आलीच नाही. एकदा स्वयंपाकघरात एकटी सापडली तेव्हा ताईंनी खोदून विचारलं, तर म्हणाली, "मारत नाही ना जी ते, मग मी कोणाले काय सांगू?" बाबांचं म्हणणं, भांड्याला भांडं लागतंच. तरीही येत्या रविवारी बाबा आणि काका जावयांना समजवायला जाणार आहेत. ताईंना विचारायचं आहे की हा छळ म्हणायचा का, ओळखायचं कसं आणि आपण करायचं काय.

ताई, मी नागपुरात कौटुंबिक समुपदेशनाचं काम करते. आधी रविवारचं बोलते, कारण ते सगळ्यात तातडीचं आहे. बाबांना आणि काकांना थांबवा. त्यांचा हेतू चांगलाच आहे. पण ते तासभर बसतील, चहा होईल, जावई मान खाली घालून हो हो म्हणतील, कदाचित पायाही पडतील, आणि संध्याकाळी दार लागल्यावर आत तुमची बहीण एकटी असेल. "घरच्या गोष्टी बाहेर सांगतेस?" या प्रश्नाला तोंड तिला द्यावं लागेल, बाबांना नाही. माहेरचे समजवायला येऊन गेले आणि दुसऱ्याच दिवशी हातातला फोन गेला, असं सांगणाऱ्या कितीतरी बायका माझ्यासमोर बसल्या आहेत. तिला न विचारता तिच्या वतीनं काही करायचं नाही, एवढं घरात सगळ्यांकडून कबूल करून घ्या. पुढे मी जे सांगणार आहे ते याच अटीवर चालतं.

आता बाबांच्या भांड्यांबद्दल. नवरा-बायकोत वाद होणं, आवाज चढणं, दोन दिवस अबोला धरणं, हे चांगल्या घरांतही होतं. तिथे दोघंही बोलतात, दोघंही चुकतात, कधी हा माघार घेतो तर कधी ती. मुख्य म्हणजे तिसऱ्या दिवशी कोणाला कोणाची भीती वाटत नाही. छळ असलेल्या घरात पुष्कळदा भांडणच होत नाही, कारण ती आधीच गप्प होते. शेजारी म्हणतात, किती शांत जोडपं आहे. म्हणून "भांडणं किती होतात?" असं मी विचारतच नाही. मी विचारते, लग्नानंतर तू काय काय करायचं सोडलंस, आणि ते का सोडलंस?

हाच प्रश्न तुम्ही लिहिलेल्या गोष्टींना लावून बघा. नोकरी सुटली, कारण बाळ होणार होतं. फोन स्पीकरवर, कारण हात कामात असतात. राखीला घाई, कारण यांची ड्युटी होती. महालक्ष्म्यांना आली नाही, कारण सासूबाईंना बरं नव्हतं. सुटं सुटं बघितलं तर यातलं प्रत्येक कारण पटण्यासारखं आहे. सगळी ओळीनं मांडली की दिसतं, दर वेळी तिच्याजवळचं कोणीतरी दूर गेलं आणि दर वेळी त्याची परवानगी थोडी जास्त लागू लागली. एकेका घटनेवर वाद घालाल तर नवऱ्याकडे प्रत्येकीचा खुलासा तयार असतो. चार वर्षांत सगळं कोणत्या बाजूला सरकत गेलं, याचा खुलासा त्याला करता येत नाही.

सुरुवात बहुतेक वेळा काळजीनं होते, आणि म्हणूनच ती ओळखू येत नाही. "पोहोचलीस की फोटो पाठव." "मैत्रिणी चांगल्या नाहीत तुझ्या." "तुला हिशोब जमत नाही, कार्ड माझ्याकडे राहू दे." नव्या नवरीला हे प्रेमच वाटतं, घरचेही कौतुक करतात. काही महिन्यांनी तीच काळजी नियम होते, आणि नियम मोडला की शिक्षा असते. शिक्षा म्हणजे थप्पडच असं नाही. आठवडाभर न बोलणं, रात्रभर झोपू न देणं, ताट भिरकावणं, मुलीला तिच्याकडे जाऊ न देणं, ह्या सगळ्या शिक्षाच आहेत.

एका बाईंचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. त्या स्वतः बँकेत नोकरीला. पगार त्यांच्याच खात्यात जमा व्हायचा, पण एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात, आणि खात्याला जोडलेला मोबाईल नंबरही त्याचाच. रोज सकाळी शंभर रुपये मिळायचे आणि रात्री वही दाखवावी लागायची. ती वही त्यांनी मला आणून दाखवली. कोथिंबीर १०, शेअर ऑटो २०, चहा १०. चहापुढे लाल पेननं प्रश्नचिन्ह काढलेलं होतं. ऑफिसात चहा मिळतो तर बाहेर का प्यायली, कोणाबरोबर प्यायली, यावर रात्री दोन वाजेपर्यंत उलटतपासणी झाली होती. पुढच्या पानांवर चहा कुठेच नाही. बाई म्हणाल्या, "मॅडम, हात नाही उचलला बरं त्यांनी कधी." आणि लगेच पुढे, "पण वही लिहायला घेतली की माझा हात कापते."

हा छळच आहे, आणि तो कायद्यात लिहिलेला आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ सालचा. त्याच्या तिसऱ्या कलमात हिंसेचे चार प्रकार धरले आहेत: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक. घरखर्चाला पैसे न देणं, तिचा पगार किंवा स्त्रीधन ताब्यात ठेवणं, तिच्या हक्काच्या वस्तू परस्पर विकणं हे आर्थिक हिंसेत येतं. दागिने "लॉकरला सुरक्षित ठेवलेत" असं सांगून परस्पर गहाण टाकल्याची प्रकरणं आमच्याकडे नेहमी येतात. तुमच्या बहिणीचे दागिने आज कुठे आहेत, हे तिला माहीत आहे का, एवढं कधीतरी सहज विचारून बघा.

"त्याला राग आवरत नाही" हे वाक्य मला रोज ऐकू येतं. सासू म्हणते, आई म्हणते, खुद्द बायको म्हणते, "माणूस वाईट नाही जी, फक्त राग येते." माझं यावर ठाम मत आहे. ज्याला राग खरंच आवरत नाही तो माणूस सुपरवायझरवरही धावून जातो, ट्रॅफिक हवालदाराशीही भिडतो. हे नवरे तसं करत नाहीत. दारावरची बेल वाजली की त्याच क्षणी आवाज खाली येतो आणि पाहुण्यांना हसून "या ना" म्हटलं जातं. रागाच्या भरात मोबाईल फुटतो तो तिचा, स्वतःचा कधी फुटत नाही. हात उचलला तरी पाठीवर, दंडावर, केसांच्या आत, जिथे पदराखाली झाकलं जाईल तिथे. राग आवरता येतो त्याला. कोणापुढे आवरायचा आणि कोणापुढे नाही, हे त्याला नीट कळतं. दारूचंही तेच. दारूनं मार वाढतो, जास्त लागतं, पण दारू सुटल्यावरही धाक तसाच राहिलेली घरं मी बघितली आहेत. तुमचे जावई निर्व्यसनी आहेत म्हणून निर्धास्त राहू नका.

यात चांगले दिवसही असतात, आणि ते नीट समजून घेतल्याशिवाय बहिणीला समजून घेता येणार नाही. मोठा प्रकार झाला की नवरा रडतो, माफी मागतो, साडी आणतो, फुटाळा तलावावर फिरायला नेतो, सकाळी उठून स्वतः तर्री-पोहे आणून देतो. ते दिवस तिच्यासाठी खरे असतात. तिनं लग्न केलं ते याच माणसाशी, आणि तो परत आलाय असं तिला वाटतं. मग हळूहळू घरात पुन्हा ताण चढायला लागतो, ती जपून बोलायला लागते, पायांचा आवाज न करता चालायला लागते, आणि एक दिवस पुन्हा तेच. तुम्ही "तो वाईटच आहे" म्हणालात तर तिला ते चांगले दिवस आठवतील, ती त्याची बाजू घेईल, आणि पुढच्या वेळी तुम्हाला काहीच सांगणार नाही.

काही खुणा अशा आहेत की बायका स्वतःही त्यांना छळ म्हणत नाहीत. झालेली गोष्ट झालीच नाही असं इतक्यांदा सांगायचं की तिचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास उडतो. "तूच वेडी आहेस, डॉक्टरला दाखवू" असं सारखं म्हणायचं. तू गेलीस तर मी जीव देईन, चिठ्ठीत तुझं नाव लिहीन, ही धमकी. मुलीला माझ्याकडे ठेवून घेईन, तुला कोर्ट वेडी ठरवेल, ही दुसरी. मूल कधी हवं, गोळ्या घ्यायच्या की नाही, ऑपरेशन करायचं की नाही, हे सगळं त्यानं एकट्यानं ठरवायचं. आणि नको असताना जबरदस्तीचा शरीरसंबंध. याबद्दल बायका सगळ्यात शेवटी बोलतात, कधी चौथ्या-पाचव्या भेटीत, तेही मान वर न करता. सज्ञान पत्नीवर नवऱ्यानं केलेली बळजबरी आपल्या फौजदारी कायद्यात आजही बलात्कार धरली जात नाही. पण २००५ च्या कायद्यात ती लैंगिक हिंसा आहे आणि तिच्याविरुद्ध संरक्षण मागता येतं. नवऱ्याला नाही म्हणायचा आपल्याला अधिकारच नाही, अशी पुष्कळ बायकांची समजूत असते. ती समजूत चुकीची आहे.

फोनबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण अलीकडे निम्मा पहारा फोनवरूनच चालतो. तिचं व्हॉट्सॲप नवऱ्याच्या लॅपटॉपवर उघडलेलं असू शकतं. सेटिंगमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' बघितलं की कळतं. गुगल खात्याचा पासवर्ड त्याच्याकडे असेल तर ती कुठे गेली, काय शोधलं, कोणते फोटो काढले, सगळं दिसतं. आधार, बँक, गॅस सगळ्यांचे ओटीपी त्याच्या नंबरवर येत असतील तर तिला स्वतःचा साधा कागदही काढता येत नाही. पण हे कळल्याबरोबर पासवर्ड बदलायला किंवा त्याचा लॅपटॉप काढून टाकायला सांगू नका. त्याला लगेच कळेल की कोणीतरी शिकवलंय. आधी सुरक्षित नंबर आणि सुरक्षित जागा ठरू द्या, पासवर्ड नंतर. हा प्रश्न आणि हे उत्तरही तिला व्हॉट्सॲपवर पाठवू नका.

बाहेरून तुम्हाला काय दिसेल? उत्तर देण्याआधी ती त्याच्याकडे बघते का. तिच्या बोलण्यात "यांना विचारून सांगते" किती वेळा येतं. तेही लग्न-मुंजीसारख्या मोठ्या गोष्टींसाठी नाही, दुसरा कप चहा घ्यायचा की नाही यासाठी. मेमध्ये, कूलरसमोरही अंग भिजत असताना, पूर्ण बाह्यांचा ब्लाउज. बाथरूममध्ये पडले, ओट्याचा कोपरा लागला, अशी तीच ती कारणं. वजन उतरणं, डोकेदुखी, झोप न लागणं, तपासण्या सगळ्या नॉर्मल. आणि ती माफी फार मागते. चमचा पडला तरी घाबरून "सॉरी सॉरी" म्हणते.

मुलीकडे जास्त लक्ष द्या. मुलांना लपवता येत नाही. बापाच्या गाडीचा आवाज आला की खेळ जागच्या जागी थांबतो का, खेळणी घाईघाईनं टोपलीत जातात का? बाहुलीला ती कोणत्या शब्दांत रागावते? कपडे ओले करायचं बंद झालेलं मूल पुन्हा करायला लागलं, दचकून उठायला लागलं, आईचा पदर क्षणभर सोडेनासं झालं, तर ते पोर घरात काहीतरी बघतंय असं समजून चाला. तिच्या अंगाला कोणी हात लावला नसला तरी तिच्यावर परिणाम होतोच.

आता ज्यात थांबायचं नाही अशा खुणा. त्यानं कधी गळा दाबला असेल, जिवे मारायची धमकी दिली असेल, चाकू किंवा रॉकेल हातात घेतलं असेल, गरोदरपणात मारलं असेल, किंवा ती निघून जायचं बोलू लागल्यापासून पाठलाग आणि धमक्या वाढल्या असतील, तर जिवाला धोका आहे असंच धरायचं. यातलं गळा दाबणं लोक सगळ्यात हलक्यात घेतात, कारण बहुतेकदा वरून खूणच दिसत नाही. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, काही क्षणांचं आठवेनासं होणं, त्या वेळी कपड्यात लघवी होणं, ह्या त्याच्या खुणा आहेत. मानेतल्या रक्तवाहिनीला आतून इजा झाली असेल तर काही दिवसांनीही अर्धांगवायूचा झटका येऊ शकतो. त्यामुळे "आता बरं वाटतंय" यावर जाऊ नका. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत जा आणि डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा, गळा दाबला. "पडले" म्हटलं तर मान कोणी तपासत नाही, आणि केसपेपरवर पडल्याचंच लिहिलं जातं. घडलं ते सांगितलं तर वैद्यकीय-कायदेशीर नोंद होते आणि पुढे कोर्टात तीच उभी राहते.

निघून येण्याची वेळ सगळ्यात धोक्याची असते, हेही लक्षात ठेवा. ताबा सुटतोय असं दिसलं की असा माणूस जास्त हिंसक होतो. म्हणून "आत्ताच्या आत्ता बॅग भर" असं मी सहसा सांगत नाही; तसं सांगते ते जीव वाचवायचा असेल तेव्हाच, आणि मग पोलिसांचा ११२ नंबर लावायचा. एरवी तयारी करूनच निघायचं. आधार, पॅन, लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, बँकेचं पासबुक, शिक्षणाची प्रमाणपत्रं, दागिन्यांच्या पावत्या किंवा लग्नातले दागिने दिसतील असे फोटो, हे सगळं थोडं थोडं करून तुमच्याकडे यावं. मूळ कागद हलवले तर लक्षात येत असेल तर झेरॉक्स पुरे. तुम्हा दोघींमध्ये एक साधं वाक्य ठरवा, स्पीकरवरही खटकणार नाही असं, जसं "आईला लोणच्याची बरणी पाठव म्हणावं." ते ऐकलं की तुम्ही पोलिसांना कळवायचं, एवढं आधीच पक्कं असू द्या.

तिच्याशी बोलायचं कसं, हे खरं तर सगळ्यात अवघड. एकटी भेटेल अशी जागा शोधा. मुलीच्या लसीकरणाचा दिवस, दवाखाना, भाजीबाजार, देऊळ, जिथे जायला तिला परवानगी मागावी लागत नाही असं काहीतरी. "तो तुला छळतो का?" असं विचारू नका, ती नाहीच म्हणेल. "तू हल्ली फोनवर घाबरल्यासारखी वाटतेस, मला तुझी काळजी वाटते," एवढं म्हणा आणि थांबा. नंतरची शांतता लांबली तरी तुम्ही भरू नका. ती बोलली तर विश्वास ठेवा, पुरावा मागू नका, "मग तू काय म्हणालीस?" असंही विचारू नका. तिला एवढंच कळू द्या की तुझी चूक नाही, मी कोणाला सांगणार नाही, आणि तू म्हणशील तेव्हा दार उघडं आहे. नाही बोलली तर राग मानू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. आणि हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ती थांबवण्यासाठी कोणाची मदत मागणाऱ्या होत्या जेमतेम १४ टक्के. आपल्या बहिणीचा आपल्यावर विश्वास नाही म्हणून ती गप्प आहे, असं मनात आणू नका. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी साधा फोन करत राहा. स्पीकरवर असला तरी चालेल, हवापाण्याचं बोला. माहेरचं माणूस लक्ष ठेवून आहे हे त्या घराला कळत राहणं, हेही एक संरक्षण आहे.

कायद्याचं थोडक्यात, पण जे नेहमी चुकीचं सांगितलं जातं तेवढं तरी. २००५ चा कायदा मुळात दिवाणी स्वरूपाचा आहे. त्यात नवऱ्याला तुरुंगात टाकणं हा पहिला हेतू नाही, तिला सुरक्षित करणं हा आहे. "मला त्यांना जेलमध्ये नाही पाठवायचं" म्हणून मागे राहणाऱ्या बायकांना हे मुद्दाम सांगावं लागतं. महिला व बाल विकास विभागाचे संरक्षण अधिकारी तिचा घटना अहवाल भरून न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज करायला मदत करतात. त्रास देऊ नये, संपर्क करू नये असा संरक्षण आदेश, घरातून न काढण्याचा निवास आदेश, खर्चाची रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा, स्त्रीधन परत, हे सगळं एकाच अर्जात मागता येतं. तातडी असेल तर समोरच्याचं ऐकण्याआधीही अंतरिम आदेश होऊ शकतो. आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिली तारीख सहसा तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, त्यामुळे अंतरिम आदेशावर जोर द्यायला वकिलांना सांगा. घर सासूच्या नावावर आहे म्हणून सुनेचा राहण्याचा हक्क आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि ती उद्या माहेरी आली तर अर्ज माहेरच्या हद्दीतल्या कोर्टातही करता येतो, तात्पुरती राहत असली तरी. लग्नाशिवाय एकत्र राहणारी बाई, आई, विधवा वहिनी यांनाही या कायद्याचा आधार आहे. फौजदारी तक्रार करायचीच असेल तर भारतीय दंड संहितेतलं पूर्वीचं ४९८-अ कलम आता, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ कलमांत आहे, आणि त्यात मानसिक क्रूरताही येते.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा नंबर. महिला हेल्पलाइन १८१. मुलीचा प्रश्न असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. नागपूर पोलिसांचा भरोसा सेल आहे, तिथे समुपदेशन, कायदेशीर सल्ला, पोलीस मदत एकाच छताखाली मिळते; सखी वन स्टॉप सेंटरमध्ये काही दिवसांचा निवाराही मिळतो. तिच्या फोनमध्ये हे नंबर या नावांनी सेव्ह करू नका, आणि फोन लावल्यावर कॉलची नोंद काढून टाकायला तिला शिकवा. एक मात्र सांगते. कुठेही गेलात आणि समोरच्यानं पहिल्याच भेटीत समेटाचा कागद पुढे केला, तर सही करायची घाई करू नका. समेट करायचा की नाही हे तिनं ठरवायचं असतं, तेही तो खोलीत नसताना. दोघांना शेजारी बसवून "बोला, काय त्रास आहे?" असं विचारलं तर घाबरलेली बाई "काही नाही" असंच म्हणणार.

पुरावा नाही म्हणून अडून राहू नका. तारीख, वेळ, काय झालं, कोण होतं, एवढं साध्या भाषेत लिहून ठेवलेलं उपयोगी पडतं, फक्त वही त्या घरात नको. ती तुम्हाला सांगेल तसं तुम्ही तुमच्याकडे लिहा. मेसेज, फुटलेल्या वस्तूंचे फोटो, दवाखान्याचे कागद, शेजारणीनं ऐकलेलं, सगळं चालतं.

ती एकदा येईल आणि परतही जाईल, याची घरात आधीच तयारी ठेवा. बहुतेक जणी एका फटक्यात सुटत नाहीत. मुलगी बापाची आठवण काढते, तो रडत फोन करतो, नातेवाईक बोलतात, हातात पैसा नसतो. ती परत गेली तर "आता पुन्हा आमच्याकडे येऊ नको" हे वाक्य बाबांच्या, काकांच्या, कोणाच्याही तोंडून निघता कामा नये. तेवढं वाक्य पुढच्या वेळी तिचे पाय उंबऱ्यातच अडवायला पुरतं. तिची कागदपत्रं तुमच्याकडेच राहू द्या, आणि तिची शाळेची नोकरी परत मिळेल का, याची चौकशी तुम्ही परस्पर करून ठेवा, तिचं नाव न सांगता.

आणि ताई, सल्ला घ्यायला बहीण सोबत असावीच लागते असं नाही. कुठे हिंसा होतेय असं वाटलं तर कोणीही संरक्षण अधिकाऱ्यांना कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर त्यासाठी कारवाई होत नाही, ही तरतूद त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात आहे. औपचारिक माहिती मात्र तिच्याशी बोलून, तिच्या संमतीनंच द्या. जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. पण नावगाव न सांगता नुसतं विचारायला तुम्ही एकट्या जाऊ शकता. या आठवड्यात जा, रविवारच्या आत. बाबांनाही सोबत न्या. आपल्याला करण्यासारखं काहीतरी आहे हे कळलं की हुडकेश्वरला जायचा त्यांचा हट्ट बहुधा सुटेल.